धुरा घरी राहिला

थांबा, आधी बांधीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

बांधी म्हणजे धानाचं, भाताचं वावर. चारी बाजूंनी गुडघ्याएवढा मातीचा धुरा, पाणी अडवायला. गोंदियाजवळ मुर्री गावाच्या पलीकडे आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, तिथं मैदान वगैरे काही नव्हतं. धान कापलं की आमच्या कोचच्या मोठ्या बांधीत आम्ही फुटबॉल खेळायचो. धसकटं पायाला टोचायची, पण खेळायचो. आणि तिथं धुरा हीच लाईन. बॉल धुऱ्यावरून पलीकडे गेला तर बाहेर, धुऱ्यावर आदळून परत आला तर खेळ चालू! मग आम्ही काय करायचो? समोर कोणी आडवा आला की बॉल धुऱ्यावर हाणायचा, त्याला वळसा घालून पळायचं आणि परत आलेला बॉल उचलायचा. याला म्हणायचे 'धुऱ्याले देणे'. मी उजवीकडून खेळायचो, आणि धुऱ्याले देण्यात आख्ख्या टोल्यात माझ्या तोडीचा कोणी नव्हता. खरंच नव्हता.

कोच म्हणजे मोटारपंप दुरुस्त करणारा माणूस. तरुणपणी नागपूरला खेळलेला. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो.

मी दहावीत असताना गोंदियाचा एक सेठ, राईस मिलवाला, धान बघायला आमच्याकडे आला आणि आमचा खेळ बघत धुऱ्यावर उभाच राहिला. जाताना म्हणाला, "मैं टीम बनाऊंगा." आठ दिवसांत शर्ट आले! पाठीवर नंबर, छातीवर त्याच्या तांदळाचं नाव. माझा नंबर सात. आईनं धुवायला मागितला तर मी दिला नाही, रंग जाईल म्हणून.

भाऊ सेठला माझ्यासमोरच म्हणाला, "सेठ, पोट्टे चांगले आहेत. पण यायले सपाट मैदान माहीत नाई. दोन वर्षं द्या."

"दो साल? दो साल में तो चावल पुराना हो जाता है, कोच साहब."

"पुराना चावलच तं महाग विकते ना, सेठ."

सेठ खूप हसला. मला वाटलं, झालं, पटलं याला. दोन वर्षांत मी कुठल्या कुठे जाईन याचा हिशेब मी तिथंच उभ्या उभ्या लावला. जिल्हा, मग नागपूर, मग अजून कुठं तरी. मला तेव्हा बसवतच नव्हतं, जेवताना पण पाय हलत राहायचा.

मग गोंदियात पहिला टूर्नामेंट. सपाट मैदान, चुन्याची पांढरी लाईन. मॅच सुरू झाली, मला बॉल मिळाला, समोर एक आडदांड पोरगा आला. मी काय केलं? धुऱ्याले दिला! वळसा घातला, पळालो, आणि थांबलो. बॉल यायची वाट बघत. तो बॉल पब्लिकमधून जाऊन शेंगदाणेवाल्याच्या गाडीखाली शिरला होता आणि मी तिथं उभा. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "काऊन बे, धुरा घरी राहिला का?"

सारं मैदान हसलं. मी अजून दोनदा तेच केलं. मी एकटा नाही, आमचे सगळेच करून राहिले होते! पाय ऐकतच नव्हते. हरलो. सेठ पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा नाही.

पुढच्या वर्षी सेठनं स्वतःचाच टूर्नामेंट ठेवला. भोवती कनाती, आत यायला तिकीट, खायचे ठेले, लाईनला लागून बांबूवर ताणलेले त्याच्या तांदळाचे फ्लेक्स. दोन दिवस आधी आम्हाला मिलवर बोलावलं. मला वाटलं मीटिंग आहे. सेठ म्हणाला, "बेटा, शर्ट दे दे. बाहर से लड़के आ रहे हैं."

मी भाऊकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "सेठ, दोन वर्षं म्हटलं होतं मी."

"कोच साहब, पब्लिक टिकट आज का लेती है."

बस. एवढंच. आमचे सगळे शर्ट गेले. माझा सात नंबर नागपूरच्या एका दाढीवाल्यानं घातला. मी तिकीट काढून बघितलं, आणि खरं सांगतो, तो चांगला खेळला. कप सेठनं स्टेजवर दोन्ही हातांनी उचलला.

इकडे भाऊनं बांधीत धुऱ्यापासून दोन हात आत राखेची लाईन मारली. बॉल त्या लाईनीबाहेर गेला की ओरडायचा, "धुरा नाई! धुरा नाई आहे तिथं!" रोज सकाळी. पण भाऊचं बोलणं डोक्यापर्यंत पोचायचं, पायापर्यंत नाही. आणि मला तर घाई. बारावीनंतर पुण्याला काकाच्या कंपनीत लागायचं घरी ठरलं होतं. दिवस जाऊन राहिले होते.

पुढच्या वर्षी टूर्नामेंटच्या सकाळीच मिलच्या मुनीमचा फोन. बाहेरची टीम दुसऱ्या मालकानं पळवली होती. "अपने लड़के लेके आओ, जल्दी."

भाऊ म्हणाला, "मी नाई येत. तुमाले जायचं तं जा."

"भाऊ, एकच मॅच."

"मी कुठं धरून ठेवलं बे?"

मी गेलो. सगळ्यांत आधी मीच सायकल काढली. माझ्यामागून बाकीचे. सात नंबर परत मिळाला, खांद्यात सैल झालेला. पब्लिक भरलेली. दोन गोल खाल्ले. मग मला बॉल मिळाला, समोर एक जण आला, आणि हो, मी धुऱ्याले दिला, वळसा घातला आणि वाट बघत थांबलो. पण बॉल सेठच्या फ्लेक्सवर आदळला आणि सरळ माझ्या पायात परत! मी गोल मारला!! हात वर करून पळत सुटलो. बॉल लाईनीबाहेर गेला म्हणून शिट्टी केव्हाची वाजत होती. आणि पब्लिक ओरडून राहिली, "धुरा भेटला बे, धुरा भेटला!"

मॅच संपल्यावर मुनीमनं सगळे शर्ट तांदळाच्या कट्ट्यात, पोत्यात भरले. सेठ कोणाला तरी सांगत होता, "फुटबॉल में कुछ नहीं रखा. अगले साल क्रिकेट कराएंगे."

मी बनियनवरच सायकल हाणत भाऊकडे आलो. तो अंगणात मोटार खोलून बसला होता. वर बघितलं नाही.

"किती?"

"तीन-शून्य. आपल्यावर."

"बॉल बाहेर गेला तं परत यायची वाट पाहत थांबला होता का?"

खोटं बोलायचं मनात आलं. फ्लेक्सचं सांगून हसवावं असंही वाटलं.

"थांबलो होतो."

त्यानं पक्कड खाली ठेवली. "मंग अजून दोन वर्षं लागतीन, लेका."

"भाऊ, बारावी झाली की मी पुण्याला चाललो."

"माहीत आहे." परत पक्कड उचलली. "तोवर सकाळी सहाले येजो. राख मी टाकून ठेवतो."