चौथ्या पडद्यावरची खरखर

धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठेही काही खरखरलं, तर त्यातला गुन्हेगार हुडकून काढणारा माणूस एकच: माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. मूळचे अमळनेरचे, जळगावात सतारी नि हार्मोनियम दुरुस्त करायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. पण आबांचा कान वाद्यांपाशी थांबेल तर शपथ! एकदा पारोळ्याच्या एस.टी.त खिडक्या खडखडत होत्या. आबांनी आपल्या उपरण्याच्या चिंध्या करून एकेक फट बुजवत नेली. पारोळा आलं तेव्हा गाडी मुकी झाली होती आणि उपरण्याचा हातरुमाल. पोटच्या पोराची वरात अडवून त्यांनी ताशाची वादी आवळून दिली, तोवर नवरदेव घोड्यावर आणि आम्ही मुलीकडचे उन्हात.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मुंबईच्या मावसभावाने मला त्याची जुनी गिटार दिली आणि मी बेधडक स्नेहसंमेलनात नाव घातलं. नेमकं संमेलनाच्या दिवशी सकाळी तार मानेवरच्या तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या कांबीवर, दाबली, की डबीत माशी कोंडल्यासारखी खरखरायला लागली. संध्याकाळी सहाला सगळ्या कॉलेजसमोर बसायचं होतं! गिटार उचलली नि आबांकडे पळालो.

आबा गिटार पहिल्यांदाच पाहत होते. "भोपळा कोठे शे इना?" सतारीला मुद्दाम आणतात तो झणकार हिला चालत नाही, हे ऐकून त्यांना तिची दयाच आली. "म्हणजे उपास धरेल सतार!" पण मग माणूस असा रंगला, की विचारू नका. एकेक पडदा दाबून पाहिला, पडद्यांवर पोलादी पट्टी उभी धरली. ती चौथ्यावर डुगडुगली. मुंबईच्या दमट हवेतलं लाकूड इथे येऊन सुकलं होतं, चौथ्या पडद्याने डोकं वर काढलं होतं आणि तार त्याला घासत होती. आबांनी कापडाची घडी ठेवून लाकडी हातोडीचे दोन ठोके दिले. मी तार छेडली. खणखणीत! मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "थांब. दातनी परीक्षा बाकी शे."

वाद्य परत देण्याआधी आबा त्याचं लाकूड दातांत धरून ऐकत. "हवाना आवाज खोटं बोलस, लाकूडना नै." आठच दिवसांपूर्वी धुळ्याहून नवी कवळी बसवून आणली होती, त्यामुळे चावा जोरात बसला. मी तार छेडली. आबांचा चेहरा उतरला. "आवाज शे."

मला येत नव्हता, बहिणीला येत नव्हता. पण मग जे सुरू झालं! फळीवरची भांडी उतरवली, घड्याळाचा लंबक थांबवला, शेजारच्या शिंप्याचं मशीन बंद पाडलं, माझ्या सदऱ्याची बटणंसुद्धा कापली. चार वाजता तारा नि खुंट्या सतरंजीवर आणि मी उघड्या छातीने रडकुंडीला आलेलो. पाचला सगळं जोडून आबांनी पुन्हा चावून पाहिलं आणि मटकन खाली बसले. "मना कान गया रे भाऊ," ते हळूच म्हणाले. खरं सांगतो, त्या क्षणी मी संमेलन विसरलो. कान गेला तर या माणसाकडे उरणार काय?

तेवढ्यात त्यांच्या कुटुंबाने, अक्कांनी, चुलीपासून हाक दिली, "अहो, ते दात काढी ठेवा ना पहिले! जेवतानाबी वाजतस!"

आबांनी कवळी काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गिटारीच्या मानेचं टोक हिरड्यांत धरलं. मी छेडली. आबा बोळकं उघडून हसले, आणि काय हसले! "मना कान शाबूत शे!" सदऱ्याला टाचण्या लावून मी कॉलेज गाठलं. वाजवायला लागतो, तो पुन्हा खरखर! पहिल्या रांगेतून आबा जिवाच्या आकांताने माझ्या छातीकडे बोट दाखवत होते. त्यांची कवळी माझ्या खिशातून गिटारीला लागत होती.

पुढे त्यांचा कान खरंच गेला. बहिणीकडे गेलो, की ते खुणेने गिटार मागायचे, कवळी माझ्या हातात द्यायचे आणि गिटारीच्या मानेच्या टोकाला हिरड्या टेकवून डोळे मिटायचे. मला तेव्हाही संमेलनातली ती एकच धून येत होती. ती संपेपर्यंत ऐकून म्हणायचे, "आते सगळं साफ शे." आबांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची फार आठवण येते. आता गिटार हातात घेतली, की तिची मान हलकी लागते.