उलट्या गुणांचा परीक्षक

मौनीसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तंत्रनिकेतनात बांधकाम विषय शिकवताना ते हवं तेवढं बोलत. पण चार मोठी माणसं जमली की त्यांची दातखीळ बसे. म्हणून मुलांनीच हे नाव ठेवलेलं.

अशा माणसाला एका परिषदेचं पत्र आलं: आमच्याकडे आलेले शोधनिबंध तपासून द्याल का?

बायको हसून म्हणाली, "दुसऱ्याला नापास करायचं काम? तुमच्याच्यानं होणार आहे का? परीक्षेत कोरा पेपर आला तरी अक्षर चांगलं असेल म्हणून दोन गुण द्याल!"

"अगं, हे वेगळं असतं. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं. फक्त काम बघायचं."

सरांनी निबंध मन लावून वाचले. त्यातल्या एकानं त्यांना वेडच लावलं. पुलावर हातोडीनं टकटक करायची, आवाज साध्या फोनवर टिपायचा आणि आतली न दिसणारी भेग कुठे आहे ते सांगायचं. भाषा ओबडधोबड, पण काम खणखणीत. सरांनी अभिप्रायात पानभर कौतुक लिहिलं आणि गुणांच्या चौकटीत ऐटीत 'एक' टाकला. पहिला नंबर! आयुष्यभर पहिल्या नंबराचं कौतुक ऐकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

निवडीच्या बैठकीत भिंतीवर यादी झळकली आणि सर खुर्चीतून पुढे झुकून ती वाचू लागले. पुलाचा निबंध तळाला होता, आणि ज्याला त्यांनी वैतागून नऊ दिले होते तो वर मिरवत होता. दहा म्हणजे उत्तम, हे त्यांना तेव्हा कळलं.

"खालचे गाळूया. कुणाला काही म्हणायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

गप्प बसलं तर अब्रू वाचत होती. पण निबंध जात होता. सरांचा हात वर गेला.

"बाई, माझे... माझे सगळे गुण उलटे आहेत."

खोलीत हशा पिकला. "म्हणजे नऊवाला?" कोणीतरी विचारलं.

"अगदीच टाकाऊ!"

आणखी मोठा हशा. अध्यक्षबाईंनी अभिप्राय उघडून पाहिले. प्रत्येक ठिकाणी शब्द आणि गुण विरुद्ध दिशेला तोंड करून बसले होते. त्यांनी गुण सुधारले. तरी पुलाचा निबंध काठावरच अडला, कारण दुसऱ्या परीक्षकांनी, एका चष्मेवाल्या प्राध्यापकांनी, त्याला चारच दिले होते.

"एक वाक्य धड नाही हो," ते म्हणाले. "आणि प्रयोग एकाच पुलावर!"

सरांचे कान तापले. पण तोंड उघडलंच होतं, आता मिटायचं कशाला?

"वाक्यं आठवड्यात सुधारता येतात, साहेब. काम तसं सुधारता येत नाही. यांनी भेग कुठे ते आधी सांगितलं, मग तिथे फोडून पाहिलं. जिथे अंदाज चुकला तेही तक्त्यात दिलंय. स्वतःच्या चुका छापायला छाती लागते!"

"कुठला तक्ता?"

"शेवटच्या पानावर."

चष्मेवाल्यांनी पान उघडलं, बराच वेळ वाचलं. "मी इथवर पोचलोच नव्हतो. भाषेनंच डोकं उठवलं होतं." मग मान हलवून म्हणाले, "घ्या आत. माझे आठ. पण भाषा सुधारून, आणि एकाच पुलाचा प्रयोग आहे हे स्पष्ट लिहून."

"नुसतं आत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हा मोठ्या सभागृहात!"

परिषदेच्या दिवशी मंचावर पुलाचा निबंध लिहिणाऱ्या दोन तरुणी आल्या. सोबत काँक्रीटची एक तुळई. एकीनं हातोडी मारत नेली, दुसरीनं फोनकडे पाहून एका जागी खडूची रेघ ओढली. तिथंच छिन्नी लावली. ढलपा उडाला आणि आतली भेग कॅमेऱ्यानं पडद्यावर भलीमोठी दाखवली. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

सगळ्यांत आधी उठले होते मौनीसर. टाळ्या वाजवून त्यांचे तळवे लाल झाले.

"मुली ओळखीच्या का?" शेजारच्यानं विचारलं.

"छे हो, आजच पाहतोय," सर ओरडले आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागले.