शेवटपर्यंत जिवंत राहण्याचा हक्क

परभणीच्या बसस्थानकासमोरील हॉटेलात मला नेहमी भेटणारे हे गृहस्थ जिंतूरकडचे आदिवासी असून चित्रपटांत काम करतात, आणि आजवर प्रत्येक चित्रपटात मध्यंतरापूर्वीच मारले गेले आहेत. चहा संपला की कोणीतरी म्हणतोच, "मामा, जरा मरून दाखवा." मग ते चष्मा काढून शेजाऱ्याच्या हाती देतात, छातीवर गोळी झेलतात आणि बाकांच्या मधोमध इतक्या डौलाने कोसळतात, की वाहकमंडळी बस सोडायचे विसरतात.

मागच्या चित्रपटानंतर त्यांची पोखर्णीची मावशी रडत दुखवट्याला आली. "मावशे, जित्ता हाय मी," हे तिला पटेना. तेव्हा ते मला म्हणाले, "साहेब, म्हातारीसाठी तरी एकदा शेवटपर्यंत जगायचंय."

एकाच समाजाच्या माणसाला कथेच्या सोयीसाठी वारंवार ठार मारणे कोणत्या न्यायात बसते, असा खडा सवाल मी निर्मात्यास सनदशीर पत्राने केला.

परवा ते आले. "साहेब, पत्रानं काम केलं. ह्या खेपेला मला जित्ता ठेवायलेत."

"मग गोळी कोणाला?"

"माझ्या मावसभावाला. त्या मावशीचाच पोरगा. त्याला धड पडता बी येईना, पाठ सोलून निघायली."

मी संतापून कागद ओढला.

"लिवा," ते शांतपणे म्हणाले, "पर मलाच मारा म्हणून लिवा."

माणसाला ठार मारण्याची विनंती कोणत्या कलमाखाली करावी, हे मला अद्याप सापडलेले नाही.