घटाखालची माती

माझी थोरली जाऊ फार देवाधर्माची समजली जाते. मला ती बाई अजिबात आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मिरजेच्या घराच्या गच्चीवर मी कुंड्यांत बारकं अळू वाढवते. अळवाच्याच कुळातलं, पण पान रुपयाच्या नाण्याएवढं. फूल नखाएवढं, जांभळट, फणा काढल्यासारखं. ना भाजीला, ना वडीला. पाऊस सरला की पानं झडतात आणि वाटाण्याएवढे कंद मातीत झोपून राहतात. तेव्हा पाणी घातलं की कुजतात. म्हणजे वर्षातले बरेच महिने मी नुसत्या मातीच्या कुंड्या सांभाळते. घरचे हसतात. हसू देत.

हे कंद माझ्या माहेरचे, साताऱ्याच्या घराच्या दगडी कुंपणातले. आईला त्यांचं भारी कौतुक. ती गेली आणि भावाने गाडी लावायला कुंपण पाडायला काढलं. मी जाऊन केसांच्या आकड्याने फटीफटीतून जेवढे निघाले तेवढे कंद काढून आणले. आता तिथे सिमेंट आहे. आईचं म्हणून माझ्याकडे एवढंच उरलं.

नवरात्रात घटाला माती आमच्या कवठे महांकाळच्या शेतातून येते. गेल्या वर्षी ती आणायला कुणाला सवड झाली नाही. दुसऱ्या माळेला गच्चीवर गेले, तर कुंड्या उपड्या.

विचारलं, तर जाऊ म्हणाली, "अगं, मोकळ्याच हुत्या की. देवाच्या कामाला माती आली, वाईट काय झालं?"

घटाभोवतीच्या मातीत तिने धान्य पेरलं होतं आणि वर तांब्याने पाणी घालत होती. दसऱ्यापर्यंत एकही कंद वाचला नसता. बसलेला घट हलवत नाहीत, हे मलाही कळतं. तरी मी देव्हाऱ्यापुढे बसले, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत मातीत हात घातला. भिजलेले गहू विस्कटले, घट कलंडला. सासूबाई किंचाळल्या.

"आता घरात काय बी इपरीत झालं तर तुझ्या डोक्यावर!" जाऊ ओरडली.

"असू दे माझ्या डोक्यावर," म्हणत मी चिखलातून कंद वेचत राहिले.

पुढे सासरे न्हाणीत घसरले, मिक्सर जळला, पुतणीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं. सगळं माझ्याच माथी. सुरुवातीला मी कडाकडा भांडले. मग लक्षात आलं, गच्चीवर आता कुणी फिरकतच नाही. भांडण सोडून दिलं.

यंदा पावसात दोन-तीनच पानं वर आली. बाकीचे कंद गेलेच.

परवा जावेला सणकून ताप भरला. गोळी द्यायला गेले, तर माझा हात धरून पुटपुटली, "औंदा न्हाई गं लावला मी तुझ्या कुंड्यांना हात. खरंच न्हाई."

तापाचा आणि माझा काही संबंध नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. मी तिला गोळी दिली आणि दार लोटून घेतलं.