मिरजेला जायचंय

बायको आणि मुलगी मिरजेत, अन् वसंतराव मद्रासेत. चेन्नई हे नवं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात त्यांची बदली झाली होती. शैलाची शाळेतली नोकरी सुटण्यासारखी नव्हती. म्हणून पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ तिरुवल्लिकेणी भागातल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकेका खोलीच्या लॉजमध्ये, सड्या पोरांच्या शेजारी राहत होता. रविवारी बूथवरून फोन करी. लहानपणी रिसीव्हर हिसकावून घेणारी ऊर्मी आता आईने हाक मारल्यावर यायची.

"काय म्हणतेस?"

"काही नाही, बाबा."

मग ते समुद्रावर जाऊन बसत. एवढा मोठा समुद्र समोर, पण मन कृष्णेच्या घाटावर.

२००३ साली साहेब म्हणाले, "डबे वेळेवर बाहेर काढून दाखवा, मी मिरजेसाठी शब्द टाकतो."

वसंतराव झपाटून कामाला लागले. कोणता डबा कुठल्या क्रमाने घ्यायचा, याचं गणित त्यांनी मांडलं. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात मात्र डबे चाकं कातायच्या लेथपाशी तुंबले, कारण गणिताने सरासरी वेळ धरला होता आणि लेथ वाटेल तेव्हा बंद पडे. त्यांच्या हाताखालची रंजनी तंजावरच्या मराठी घरातली. तिने कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं वर्कशॉप उभारलं. त्यात डबे येत, रांगेत थांबत, यंत्रं मध्येच बिघडत. गणिताने सुचवलेला क्रम त्यात चालवून बघायचा, कुठे तुंबतंय ते हेरून गणिताला नवी अट घालायची आणि पुन्हा सोडवायचं. दोघांनी हा धोशा सोडला नाही. अखेर डबे वेळेवर सुटू लागले.

साहेब खूष झाले. "आता तर तुम्हाला सोडणं शक्यच नाही! हे चालवणार कोण?"

वसंतराव आपल्या टेबलाशी परतले. रंजनीने विचारलं, "सार, तुम्ही ऊरला कधी जाणार?" गावाला ती तमिळ वळणाने ऊरच म्हणे.

"काम बिघडवलं असतं तर एव्हाना पोचलो असतो."

"मग मला शिकवा, सार. गणितासकट सगळं."

ती कॉम्प्युटरवरचं वर्कशॉप उभं करी, पण गणित त्यांच्याकडेच होतं. त्यांनी ते हातचं न राखता शिकवलं. त्यात दोन पावसाळे गेले. मग रंजनी स्वतःच साहेबांकडे गेली. "मी चालवते. सारना जाऊ द्या."

मिरजेच्या फलाटावर शैला एकटीच उभी होती.

"ऊर्मी?"

"पुण्याला. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कालच हॉस्टेलवर सोडून आले."

घरी तिने पानं वाढली. आमटी अळणी लागली, तसे वसंतराव उठून स्वयंपाकघरात गेले, फळीवरचे डबे उघडून पाहू लागले.

"शैला," त्यांनी विचारलं, "मीठ कुठे ठेवतेस गं?"