चावीकाकांचे पट्टेवाले मासे

चौकातल्या टपरीत किल्ल्या घासणाऱ्या त्या माणसाला सगळे चावीकाकाच म्हणत. जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात गेलेला, त्यामुळे माणसांवरचा विश्वास त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवला होता. दुधात पाणी असणार, वाण्याचा काटा खोटा असणार, शेजारी भिंतीला कान लावून बसलेला असणार, हे ते धरूनच चालत.

घरातल्या काचेच्या टाकीपुढे बसले की मात्र चेहरा निवळायचा. वर छोटे चंदेरी मासे फिरायचे, पण काकांचा जीव तळाशी होता. तिथे कुहली लोच जातीचे पाच मासे होते: बुटाच्या नाडीसारखे लांबुडके, पिवळट अंगावर काळे पट्टे, तोंडाशी बारीक मिश्या. दिवसभर वाळूत नाहीतर दगडाखाली दडायचे आणि अंधारलं की सळसळत बाहेर यायचे.

"शहाणे आहेत," काका म्हणायचे. "उगाच कुणाला तोंड दाखवत नाहीत."

बायकोचा धाकटा भाऊ छापखान्यात कामाला लागला आणि त्यांच्याकडे राहायला आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत लोच कमी दिसू लागले. काकांनी दगड उचलून पाहिले, वाळू चाचपली. दोनच हाती लागले. मेलेले असते तर तरंगले असते, उडी मारली असती तर फरशीवर सापडले असते.

"तुझ्या भावाला मासे आवडतात का गं?"

"ताटातले की टाकीतले?"

"मी गंमत करत नाहीये."

"मग मीही करत नाही. माझा भाऊ चोर नाही."

काकांनी मासे विकणाऱ्या दुकानदाराला गाठलं. चष्मेवाला, सडपातळ तरुण इकडे आला होता का?

"आला होता की," दुकानदार म्हणाला. "तुमच्या त्या लोचबद्दलच विचारत होता."

झालं. काकांनी टाकीच्या झाकणावरून केसासारखा काळा धागा बांधला. सकाळी धागा जागेवर होता, पण गाठ त्यांची नव्हती.

मेहुणा चहा घेत होता. काकांनी त्याला तिथेच धरलं.

"झाकण कुणी उघडलं?"

"मी उघडतो, दाजी. पण मासे मी नेले नाहीत. का उघडतो ते सांगतो..."

"चोराच्या तोंडून कारणं ऐकायला मी मोकळा नाही."

मेहुण्याने बहिणीकडे एकदा पाहिलं, कप खाली ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. त्या दिवसापासून बायकोने काकांपुढे ताट ठेवलं, शब्द ठेवला नाही.

पुढे टाकीतलं पाणी गढूळ दिसू लागलं. पाणी गाळणारं यंत्र तुंबलं असावं म्हणून काकांनी ते उघडलं, आणि आतल्या स्पंजामागून एक पट्टेदार शेपटी वळवळली. मग दुसरी. तिसरी. तिघेही जिवंत, चांगले गुबगुबीत. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी मागे धुताना काकांनी काढली होती आणि पुन्हा बसवायची राहून गेली होती. त्यातूनच ते आत शिरले होते.

बायकोने वाकून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी ती बोलली, "तो मित्राच्या खोलीवर आहे. छापखान्याच्या मागे."

काका गेले. मेहुणा दारातच उभा राहिला.

"मासे सापडले," काका म्हणाले. "यंत्रात होते. चूक माझी."

"बरं झालं."

"पण तू झाकण कशाला उघडायचास?"

"ते अंधारातच खातात, दाजी. तुम्ही सकाळी टाकता ते खाणं वरचे मासेच फस्त करतात. दुकानदाराने बुडणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. कामावरून आलो की त्याच टाकायचो."

"सांगायचं नाही का मला?"

"तुमच्या टाकीला कुणी बोट लावलेलं तुम्हाला खपतं का?"

"घरी चल," काका म्हणाले.

"नको. राग नाही. पण येता-जाता कुणी आपल्यावर नजर ठेवून आहे, असं वाटत राहतं. त्या घरात मला झोप लागायची नाही."

तो राहायला परत आला नाही. दर रविवारी जेवायला मात्र येतो. पूर्वी सरळ आत घुसायचा. आता दार वाजवतो आणि 'ये' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. काकांना ते दर वेळी टोचतं. बायको ते पाहते आणि पानं वाढायला घेते.