शर्वरीचा मंगळवार

म्युनिकच्या युनिव्हर्सिटीत मी गणित शिकलोय. दीड तास, तोही हॉलबाहेरच्या बाकावर, आणि त्यातला सव्वा तास झोपेत.

नववीत दोनदा आपटलेला माणूस तिथवर पोचला तो भाचीमुळे. शर्वरी माझ्या ताईची मुलगी. दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी तिकडे एका इंडियन हॉटेलात तंदूरवर होतो आणि राहायला ताईकडे. शर्वरी तेव्हा सोळा वर्षांची, शाळेत. पण तिकडे हुशार पोरांना शाळा चालू असतानाच युनिव्हर्सिटीचा एखादा विषय घेता येतो. दर मंगळवारी सकाळी तिला शाळेतून सुट्टी. बुडालेले तास आपले आपण भरून काढायचे, परीक्षा पास झाली तर पुढे खऱ्या कॉलेजात ती धरतात. आणि शाळेनं परवानगी काढून घेतली की खेळ खलास.

घरात ती जर्मन बोलायची. ताई मराठीत विचारणार, ही जर्मनमध्ये उत्तर देणार. रागावली की मात्र अस्सल मराठी. त्यामुळे माझ्याशी ती कायम मराठीतच बोलायची.

आणि एक शब्द सतत तोंडात. "कशावरून?" मी म्हणावं, आज पाऊस येणार. "कशावरून?" डाळ शिजली. "कशावरून, मामा?" अगं, वीस वर्षं डाळ शिजवतोय! "ते डाळीला माहितीये का?"

पहिल्या मंगळवारी ताईनं मला तिच्याबरोबर धाडलं, एवढ्या मोठ्या पोरांत आपली एकटी पोर म्हणून. एस-बानमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकलमध्ये, ही माझ्यापासून चार सीट लांब बसली. "मामा, मी काय बालवाडीत चाललेय? तू बाहेरच बस. आणि कुणाशी बोलू नकोस." बसलो. डोळा लागला. एकदम धडाधड आवाज! आत बघतो तर दोनशे पोरं बाकं बडवतायत. आमच्या वर्गात बाकं वाजली की समजायचं, कुणाची तरी टर उडवतायत. म्हटलं, शर्वरीला छळतायत! घुसलो आत, ओरडलो, "ए, थांबा!" बाकं थांबली. प्रोफेसरही थांबले. तिकडे लेक्चर आवडलं की बाकं वाजवतात, हे मला परतीच्या गाडीत कळलं. तेही शेवटच्या स्टेशनला, कारण येताना ती आठ सीट लांब बसली होती.

पण खरा पराक्रम पुढेच आहे. नोव्हेंबरातला मंगळवार, घरात मी एकटा. शाळेतून फोन आला. तिथे कुणी बदली बाई आल्या होत्या, त्यांना या मंगळवारच्या भानगडीची कल्पना नव्हती. माझं जर्मन तंदूरपुरतं. "शर्वरी", "शाळा" आणि "नाही" एवढं कळलं. आता ती युनिव्हर्सिटीत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शाळेतून विचारणा आली की घरच्यांनी पहिलं काय करायचं? पोराचं पोट बिघडवायचं. माझ्या आईनं माझं इतक्यांदा बिघडवलं की मास्तर मला पोटावरूनच ओळखायचे. मी बेधडक सांगितलं, "क्रांक." आजारी. वर खात्री पटावी म्हणून, "फिल क्रांक!" खूप आजारी. बाईंनी आराम पडो म्हटलं. मीही खूश.

झालं काय, शाळेच्या वहीत शर्वरी खूप आजारी, आणि त्याच सकाळी युनिव्हर्सिटीच्या हजेरीवर तिची ठसठशीत सही. दोन्ही कागद शाळेतल्या केलरबाईंच्या टेबलावर. या मंगळवारांचं सगळं त्याच बघायच्या. त्यांनी सांगितलं, खोटं कोण बोललं ते कळेपर्यंत युनिव्हर्सिटी बंद.

"मामा, तू काय सांगितलंस त्यांना?"

"तुला वाचवलं."

"कशापासून? मी परवानगी घेऊन जाते! परवानगीचा कागद फ्रिजवर लावलाय! रोज तुझ्या नाकासमोर असतो!"

"मला वाटलं कचऱ्याचं टाइमटेबल आहे."

तिनं गणिताचं पुस्तक उघडलं, तसंच मिटलं आणि खोलीत गेली. मी दाराशी जाऊन म्हणालो, होईल गं सगळं ठीक. आतून "कशावरून" सुद्धा नाही. तेव्हा मात्र माझं पोट खरंच बिघडलं.

गेलो शाळेत. म्हटलं, शर्वरी माझं बोलणं जर्मनमध्ये सांगेल. केलरबाई म्हणाल्या, "नाईन." म्हणजे नाही. "जिची चौकशी चालू आहे ती नाही चालणार. घरचं दुसरं कोणी मोठं आणा." म्हणजे ताई. जिच्यापासून हे मी आठवडाभर लपवलं होतं. ताई ऑफिसातून आली. मी एकेक वाक्य मराठीत कबूल करणार, ती ते दात आवळून जर्मनमध्ये सांगणार, केलरबाई लिहून घेणार. मी म्हटलं, "मी मूर्खपणा केला." ताई बराच वेळ बोलली.

"ताई, मी एवढं नाही म्हटलं."

"उरलेलं माझं आहे. सही कर."

केली. परवानगी परत मिळाली, पण दोन मंगळवार गेले ते गेलेच. शर्वरीनं तेवढं कुणाकुणाच्या वह्या मागून भरून काढलं, फेब्रुवारीत परीक्षा दिली, पास झाली. मी मिठाई केली. "चांगली झालीये," म्हणाली. मी विचारलं, कशावरून? हसली नाही. पण दुसरी घेतली.

शाळा संपल्यावर ती दुसऱ्या गावी शिकायला निघाली, पुढच्या वर्षीची धरून युनिव्हर्सिटीच्या दोन परीक्षा आधीच खिशात घालून. स्टेशनवर तिची बॅग मीच चढवली, चुकीच्या डब्यात. मग बरोबर डब्यात. म्हटलं, "काही लागलं तर मामाला फोन कर हं. अर्ध्या रात्री कर."

"करीन," ती दारातून म्हणाली. "पण मामा, माझी चौकशी करायला कुणाचा फोन आला, तर तू उचलू नकोस."